थोरलीचा वैद्य

बाबांचा डावा तळहात माझ्या तापलेल्या इस्त्रीवर टेकलेला होता, आणि ते मला यंदा शटडाउन लवकर लागणार असल्याचं सांगत होते.

इस्त्री मी टेबलाच्या कडेला उभी करून ठेवली होती. दाराच्या चौकटीला हात लावून उभं राहावं तसे बाबा तिला पंजा लावून उभे. मी कॉलर उलटवण्यात गुंतलेली. आधी वास आला. मला वाटलं, गिऱ्हाइकाचं कापड करपलं, आता शिव्या खायच्या. पण कापड तर माझ्या मांडीवर होतं. वर पाहिलं.

"बाबा, हात काढा."

त्यांनी हात काढला आणि उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तळव्यावर पांढरा पट्टा उठला होता आणि कडेने फुगायला लागला होता.

"गरम होती वाटतं," ते म्हणाले.

गरम होती वाटतं. मी त्यांना ओढत नळाखाली नेलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. या वयात माणसाला इस्त्री कळू नये, लक्ष कुठे असतं तुमचं, त्या कारखान्यातच मन सोडून येता का, वगैरे वगैरे. माझ्या तोंडाला तसा लगाम नाहीच, आईकडून आलंय ते. बाबा वाहत्या पाण्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "पाणी गार आहे का ग?"

मी नळ बंद केला.

बाबा कारखान्यातले एक्स्चेंजर साफ करायचे. लहानपणी हे कुणाला सांगताना माझी पंचाईत व्हायची, कारण लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय? मग एकदा बाबांनीच मला समजावलं. एक भलंमोठं लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं. त्याच्या पोटात शेकडो नळ्या. नळ्यांच्या आतून गार पाणी जातं, बाहेरून तापलेलं तेल. "दोघं एका घरात राहतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण एकाची ऊब दुसऱ्याला पोचते," बाबा म्हणाले. "तुझी आई आणि तुझी आजी राहायच्या तशा." स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला, म्हणजे आईने ऐकलं होतं.

पाणी वर्षभर वाहतं तेव्हा नळ्यांना आतून थर धरतो. आधी चिखल, मग खपली, मग दगड. नखाएवढा थर बसला तरी ऊब अडते, तेल तापलेलंच राहतं, पुढची सगळी यंत्रं कुरकुरायला लागतात. मग शटडाउन लागतं: कारखाना थांबवून नळ्यांचा अख्खा जुडगा पिंपातून ओढून बाहेर काढतात. तिथून बाबांचं काम सुरू.

ते कामावर लागले तेव्हा नुसती सळई होती. लांब सळई, टोकाला तारेचा ब्रश, आणि मागून ढकलणारी दोन माणसं. एक नळी मोकळी व्हायला अंगाचं पाणी पाणी व्हायचं. मग तेजाब आलं. नळ्यांतून तेजाब फिरवायचं, थर विरघळून जातो. काम सोपं झालं म्हणून सगळे खूश. पण जी नळी पुरतीच बुजली आहे तिच्यात तेजाब शिरणार कुठून? आणि जास्त वेळ राहिलं तर ते थराबरोबर नळीही खातं. मग पाण्याचा जेट आला आणि बाबांना त्यांचं काम सापडलं.

जेटची लान्स म्हणजे बोटाएवढी जाड, लांबलचक पोलादी नळी. टोकाला बारीक छिद्रं. मागे पंप. त्यातून पाणी असल्या जोराने येतं की बूट कापतं, बुटातला पायही कापतं. ही लान्स हातात धरून घाणेरड्या नळीत सरकवायची, शेवटपर्यंत न्यायची, परत ओढायची. पाठीमागे दुसरा माणूस पायपट्टीवर उभा. त्याने पाय दाबला की पाणी सुरू, उचलला की बंद. फवाऱ्यात डोळ्यांना दिसत नाही, पंपाच्या गोंगाटात कानांना ऐकू येत नाही. उरतो तो हात. लान्सच्या टोकापासून हातभर मागे तारेचा एक वेढा वेल्डिंग करून बसवलेला असतो. ओढताना तो वेढा तळहाताखाली आला की समजायचं, टोक आता बाहेर येतंय. लगेच कोपर वर करायचं, मागच्याने पाय उचलायचा. वेढा कळला नाही, तर टोक पाण्यासकट बाहेर येतं आणि समोर जो असेल त्याला कापतं. समोर एकच माणूस असतो.

बाबांना कारखान्यात वैद्य म्हणायचे. लान्स नळीत घातली की हाताला येणाऱ्या थरथरीवरून ते सांगायचे, आत मऊ गाळ आहे की खपली, नळी अर्ध्यावर बुजलीय की पार शेवटी. नाडी बघणं म्हणायचे त्याला. एक्स्चेंजरनाही नावं होती. एकीचं नाव सवत, कारण ती कुणालाच दाद द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठी ती थोरली. थोरलीला दुसऱ्या कुणी हात लावलेला बाबांना खपायचा नाही. आई म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत आणि नाडी त्या मेलीची बघता."

पायपट्टीवर माझा मामा. आईचा धाकटा भाऊ. बाबांनीच त्याला तिथे चिकटवला होता आणि तेव्हापासून तो बाबांच्या पाठीमागे उभा राहिला तो राहिलाच. मामा बोलायला लागला की गाडी थांबायची नाही, पण पायपट्टीवर चढला की डोळ्यांत तेल घालून बाबांच्या कोपराकडे बघत बसायचा. घरी जेवतानासुद्धा बाबांनी कोपर जरा वर केलं की मामाचा पाय टेबलाखाली उचलला जायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

बाबांच्या आधी थोरलीवर एक जण होता. टोपी तिरपी घालायचा म्हणून त्याला सगळे तिरपा म्हणायचे. एकदा त्याची लान्स बाहेर आली आणि पाणी मांडीला लागलं. मुंगी चावल्याएवढी खूण. रक्तसुद्धा धड आलं नाही. तिरपा हसला, चहा प्यायला, विडी ओढली. दिवस मावळायच्या आत पाय आतून सडायला लागला होता, कारण पाणी कातडीखाली शिरून सगळं फाडत गेलं होतं. पाय मांडीपासून काढावा लागला. बाबांनी ही गोष्ट आम्हाला एकदाच सांगितली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यानंतर मुकादमांनी एक रीत घातली. शटडाउनच्या पहिल्या सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, लान्स धरणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांना फडकं बांधून तळहात पुढे करायचा. त्याचा पायपट्टीवाला त्याच्या हातावर डब्यातल्या तीन वस्तू एकेक करून ठेवणार. नट, वॉशर, खिळा, खपलीचा तुकडा, काहीही. नुसत्या हाताने ओळखायचं. मूठ मिटायची नाही, वस्तू चाचपायची नाही, कारण लान्स धरलेल्या हाताला चाचपायची सवड नसते. ज्याला ओळखता आलं नाही, त्याने लान्स धरायची नाही. वर्षानुवर्षं कुणी चुकलं नव्हतं. त्याचा खेळच झाला होता. पोरं शिट्ट्या मारायची, पैज लावायची. बाबा तर नट ठेवला की तो कुठल्या बाजूने झिजलाय तेही सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे.

आणि आता त्या माणसाला गार पाणी कळत नव्हतं.

मी आईला इस्त्रीचं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही. "बोटं गेल्या हिवाळ्यापासून पांढरी पडतात," ती म्हणाली. "मेणबत्तीसारखी. मग निळी होतात, मग लाल, आणि मग रात्रभर ठणकतात. आता ठणकत पण नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"मी बायको आहे त्यांची, शेजारीण नाही."

मला आठवलं. गेल्या हिवाळ्यात तिने मला बाबांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून चेन लावायला लावली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली होती, फॅशन आहे. मी शिवणकाम करणारी बाई, दिवसभर बटणं लावते, आणि माझ्याच घरातल्या माणसाला बटण लागत नाही हे मला दिसलं नाही. माझ्यासारखी आंधळी मीच.

डॉक्टरकडे जायला बाबा तयार नव्हते. कारखान्याच्या डॉक्टरकडे तर नाहीच. शेवटी आम्ही लांबच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, काम काय करता? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "शिंपी आहे. दोघंही."

बाईंनी बाबांचे हात उलटे केले. त्या हातांवर घट्टे होते, तेजाबाचे जुने डाग होते, आणि एका नखाच्या जागी नुसती कातडी होती. "शिंप्याचे हात मी पाहिलेत," त्या म्हणाल्या. मग टाचणीने एकेका बोटाला टोचत गेल्या आणि बाबा छताकडे बघत प्रत्येक वेळी "कळलं" म्हणत गेले. दोनदा तर त्यांनी टोचायच्या आधीच कळलं म्हटलं. बाईंनी टाचणी खाली ठेवली. थरथरणारं जे काही हातात धरता ते आजच्या आज सोडा, म्हणाल्या. गेलेलं परत येईल याची खात्री नाही. जेवढं उरलंय तेवढं राहील.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बाईंना शिवणकामातलं काही कळत नाही."

मी हसले. मग रस्त्यातच मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. बाबा माझ्या बाजूला उभे राहिले, हात खिशात घालून.

"लान्स सोडली तर काय होईल?" मी विचारलं. "घरात तर बसवणार नाहीत ना?"

"फावडं देतील. नळ्यांतून पडलेला गाळ खाली उभं राहून ड्रममध्ये भरायचा."

"मग भरा."

"थोरलीखाली उभं राहून?" ते म्हणाले. "दुसरा कुणीतरी तिच्यात लान्स घालतोय आणि मी खाली त्याची घाण गोळा करतोय? पोरी, मला दुसरं काही येत नाही ग. मला दुसरं काहीच येत नाही." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. भीक मागताना माणसाचा आवाज होतो तसा.

मग तालीम सुरू झाली. माझा बटणांचा डबा, माझंच फडकं. बाबा खुर्चीवर बसायचे, डोळे बांधून, उजवा तळहात गुडघ्यावर उघडा ठेवून. मी एकेक वस्तू ठेवायची. कोटाचं बटण, हूक, दोऱ्याची बॉबिन, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "दया दाखवायची नाही. चुकलो तर तोंडावर चूक म्हणायचं. खोटं बरोबर म्हणालीस तर माझा पाय जाईल, लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. चूक, म्हणायचे मी. चूक. चूक. बॉबिन त्यांना वजनावरून कळायची. बटण कधी कळायचं, कधी नाही. हूक ठेवला तर ते वाट बघत बसायचे आणि विचारायचे, "ठेवलंस का?" मग त्यांनी युक्ती काढली. हात जरा झटकायचा, वस्तू उडून पडली की आवाजावरून ओळखायचं. मी त्यांच्या कानात कापूस कोंबला. त्यांनी चिडून डबा उधळून लावला आणि सगळी बटणं घरभर पसरली. मग दोघं गुडघ्यावर बसून ती वेचायला लागलो. बाबांना एकही बटण उचलता येईना. बोटं बटणावर यायची, मिटायची, आणि बटण तिथेच राहायचं. ते पुन्हा बोटं न्यायचे. पुन्हा तेच. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी एक बटण त्यांनी तळहाताने जमिनीवरून घासत भिंतीपर्यंत नेलं आणि भिंतीवर दाबून वर चढवलं. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. ते बटण त्यांनी डब्यात टाकलं आणि माझ्याकडे बघून जिंकल्यासारखे हसले. मला ते हसू बघवलं नाही.

गरम पाण्याच्या बादल्या झाल्या. तेल झालं. शेकून झालं. आई दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसायची, चोळून चोळून तिच्याच हाताची सालं निघाली. काही उपयोग झाला नाही. शटडाउन पुढच्या आठवड्यावर आलं.

मामाला बाबांनीच बोलावून घेतलं. मी मशीनवर होते, मला ऊठ म्हणाले नाहीत, म्हणून सगळं ऐकलं. बाबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मामा आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, मग राहू दे ना यंदा. पुढल्या वेळी बघू."

"पुढल्या वेळी हात नवे येणार आहेत का?" बाबा म्हणाले. "क्रम ठरवू आपण. तू ठेवणार ना? आधी वॉशर ठेव. मग अर्ध्या इंचाचा नट. मग खिळा. बस, एवढंच."

"आणि नळीवर गेल्यावर? वेढा कसा कळणार?"

"मी अंदाजाने ओढीन. इतकी वर्षं झाली, अंदाज काय हातातच असतो का?"

"हातातच असतो दाजी," मामा म्हणाला.

बाबा उठले आणि मामाच्या समोर खाली बसले. जमिनीवर. त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही, मी मशीनकडे तोंड फिरवलं. मामाचा आवाज आला, "दाजी, उठा. पाय सोडा. मी करीन. तुम्ही आधी उठा."

दुसऱ्या दिवशी मी मामाच्या घरी गेले. तो दारात बसून बूट पुसत होता. मी म्हटलं, "मामा, क्रम मोडायचा. वॉशरच्या पाळीला नट ठेव. तेवढ्याने काम होईल."

"तुला कळतंय का तू काय सांगतेस?"

"तुला तिरप्याची मांडी आठवते का?"

"मी होतो तिथे," मामा म्हणाला. "तू कुणाला सांगतेस?" तो बराच वेळ एकच बूट पुसत राहिला. "चारचौघांत चुकले तर मरतील ग दाजी. पाणी लागून मरणार नाहीत, पण मरतील."

"पाणी लागून मरू नयेत एवढंच मला हवंय. बाकीचं मी बघते."

"तू काय बघणार, कपाळ," मामा म्हणाला. मग म्हणाला, "बघू." मामाचं बघू म्हणजे हो पण असतं आणि नाही पण असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तशीच परत आले, जीव टांगणीला लावून.

शटडाउनच्या पहिल्या सकाळी मी कारखान्याच्या आवारात होते, कारण त्या टोळीचे रबरी एप्रन मीच दुरुस्त करते आणि पट्टे जागेवर बसवून द्यावे लागतात. हवेत गारठा होता. थोरली बाहेर काढून लोखंडी घोड्यांवर ठेवली होती. मी तिला पहिल्यांदाच अशी उघडी पाहत होते. काळी, ओली, गाळ ठिबकणारी, आणि तोंडाशी शेकडो भोकं. बहुतेक बुजलेली. बाबा तिच्याजवळ गेले आणि तिच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना काही कळत असेल का, असं माझ्या मनात आलं.

टोळी गोल करून उभी राहिली. मुकादम डबा घेऊन आले. बाबांचा नंबर पहिला, नेहमीसारखा. त्यांनी हातमोजा काढला, फडकं बांधून घेतलं, तळहात पुढे केला. एवढ्या थंडीत बोटं पांढरीफटक पडली होती, पण सगळ्यांचं लक्ष डब्याकडे.

मामाने पहिली वस्तू ठेवली. मी मान लांब करून पाहिलं. वॉशर.

"वॉशर," बाबा म्हणाले. कुणीतरी शिट्टी मारली. मामाने मला दगा दिला होता. मला त्याचा इतका राग आला की मी एप्रनचा पट्टा पिळला.

मामाने वॉशर उचलून घेतला आणि डब्यातून नट काढला. मला दिसला तो. त्याने मूठ मिटली, मूठ बाबांच्या तळहातावर आणली, आणि तिथेच थांबला. मूठ उघडेना. तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. मामाला नट ठेवता येत नव्हता आणि दुसरं काही ठेवताही येत नव्हतं. शेवटी त्याने मूठ तशीच मिटलेली मागे घेतली.

बाबा थांबले. किती थांबायचं ते त्यांनी घरी घटवलेलं होतं. मग वजन जोखावं तसा त्यांनी हात दोनदा वरखाली केला. मान जरा तिरकी केली. आणि मोठ्याने, टाळी घ्यायच्या आवाजात म्हणाले, "नट. अर्ध्या इंचाचा. एका बाजूने झिजलाय बिचारा."

तळहात रिकामा होता.

कुणी हसलं नाही. शिट्टी नाही, काही नाही. फक्त थोरलीतून गाळ ठिबकत होता. बाबा हसऱ्या चेहऱ्याने तसेच उभे.

"बरोबर ना?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "अरे, पुढचं ठेव की."

मामा हुंदका देऊन बाजूला झाला. तो आवाज ऐकून बाबांनी डाव्या हाताने फडकं वर सरकवलं आणि आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. नट खाली पडला की काय म्हणून पायाशीही पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

मुकादम म्हणाले, "वैद्य, चला, जरा बसा." बाबा बसले नाहीत. त्यांनी हातमोजा घालायचा प्रयत्न केला, बोटं बोटांत जाईनात, तेव्हा तो तसाच खिशात कोंबला. भिंतीला फावडी उभी होती. त्यातलं एक त्यांनी दोन्ही मनगटांनी उचललं आणि थोरलीच्या खाली जाऊन उभे राहिले. मुकादमांनी लान्स सवतीवरच्या माणसाला दिली. पायपट्टीवर मामाच होता, पण पंप सुरू झाल्यावर माणसाच्या कोपराकडे बघायच्या ऐवजी तो खाली बाबांकडे बघायला लागला, म्हणून त्यालाही उतरवलं.

बाबा ऊन उतरताना घरी आले. डोक्यापासून पायापर्यंत काळे. आईने काही न विचारता सदऱ्याची चेन उघडली, तोंड धुऊन दिलं, चहाचा पेला त्यांच्या दोन मनगटांमध्ये धरून पाजला. मला राहवलं नाही.

"मी सांगितलं होतं मामाला," मी म्हटलं. "क्रम मोड म्हणून. हात रिकामा ठेव असं नव्हतं सांगितलं. पण मोड म्हणून मीच सांगितलं, आणि उद्या वेळ आली तर परत सांगेन."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या मामाला स्वतःहून एवढं सुचत नाही."

ते खुर्चीवर येऊन बसले. मी मशीनवरचा पसारा आवरायला घेतला, बटणांचा डबा उचलून फळीवर ठेवायला निघाले. बाबांनी उजवा तळहात गुडघ्यावर उघडा ठेवला आणि डोळे मिटले.

"ठेव," ते म्हणाले.

"बाबा, पुरे आता."

"ठेव म्हणतोय ना. एकदाच."

मी डबा उघडला. त्यातलं काही उचलवेना. मी डबा बाजूला ठेवला आणि माझी दोन बोटं त्यांच्या तळहातावर टेकवली. हात अजून गारठलेला होता आणि रेषांमधून थोरलीचा गाळ गेला नव्हता. मी बोटं जरा दाबली. लहानपणी रस्ता ओलांडताना मी याच दोन बोटांनी त्यांचा हात धरायचे.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. वजन जोखायचं नाटक केलं नाही. कपाळाला आठ्या घालून, सगळा जीव त्या तळहातात आणून बसले. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"काही नाही," ते म्हणाले. "रिकामा आहे. या वेळी नाही फसणार मी."

डोळे मिटलेलेच होते. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. इतक्या दिवसांच्या तालमीत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते.

"बरोबर," मी म्हणाले.